एजिंग केलं, तरी बेरिलियम कॉपरची पत्ती मऊच: चूक कुठे शोधायची

इथे विषय सी१७२०० या मिश्रधातूचा आहे. यात १.८ ते २ टक्के बेरिलियम, कोबाल्ट आणि निकेल मिळून किमान ०.२ टक्का आणि बाकी तांबं असतं. स्विचगिअरचे कॉन्टॅक्ट, कनेक्टरच्या पत्त्या, छोट्या स्प्रिंगा याच्याच बनतात. प्रेसवर मऊ पत्ती कापायची, वाकवायची, मग कडक करायला ३१५ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास भट्टीत ठेवायची. यालाच एजिंग म्हणतात. कृती एवढीच, पण बिघडते वारंवार, आणि बहुतेक वेळा त्याच पाच-सहा कारणांनी.

लक्षणं

पत्ती बोटाने दाबून सोडली की उसळून परत येत नाही, वाकलेलीच राहते. किंवा हार्डनेस ३५०च्या वर हवा तिथे २२० ते ३०० एचव्ही (व्हिकर्स हार्डनेसचा आकडा) मिळतो. किंवा एकाच टोपलीतल्या वरच्या पत्त्या कडक आणि मधल्या मऊ निघतात. किंवा मागच्या लॉटला सगळं ठीक होतं, तीच भट्टी, तेच सेटिंग, आणि या लॉटला आकडाच येत नाही.

एजिंगनंतर आलेला काळपट-तपकिरी रंग हे लक्षण धरू नका. साध्या हवेत एजिंग केलं की वर ऑक्साइडचा थर येतोच. हार्डनेसशी त्याचा संबंध नाही.

परत भट्टीत घालण्याआधी थांबा

पत्ती मऊ आली की शेडमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते "घाल परत दोन तास". वाचवता आला असता असा माल भंगारात जातो तो बऱ्याचदा या वाक्यामुळे.

७९० अंशांच्या आसपास बेरिलियम तांब्यात विरघळतं. तिथून पाण्यात झटकन गार केलं की ते आत अडकून पडतं, आणि पत्ती मऊ, वाकवायला सोपी राहते. ३१५ला ठेवल्यावर ते अतिशय बारीक कणांच्या रूपाने बाहेर यायला लागतं. हे कण धातूच्या थरांचं सरकणं अडवतात, म्हणून कडकपणा चढतो. पण वेळ किंवा तापमान जास्त झालं की कण मोठे आणि विरळ होतात आणि कडकपणा उतरायला लागतो. त्यामुळे २८० एचव्ही हा आकडा चढावरही भेटतो आणि उतारावरही. चढावरच्या पत्तीला अजून वेळ दिला की ती सुधारते. उतारावरच्या पत्तीला दिला की आणखी बिघडते. नुसता हार्डनेस बघून ती कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. खालच्या तपासण्या बऱ्याच अंशी तेवढंच शोधण्यासाठी आहेत. क्रम फुकटच्या कामापासून खर्चाच्या कामाकडे आहे.

आधी रोलची चिठ्ठी वाचा

रोलला लावलेली चिठ्ठी फाडून फेकली असेल तर चलन आणि टेस्ट सर्टिफिकेट काढा. टेम्पर, म्हणजे पत्ती किती कडक अवस्थेत आली आहे, ते काय लिहिलंय बघा. ए म्हणजे टीबी००, नुसती विरघळवून गार केलेली पत्ती: ९० ते १४४ एचव्ही. पाव हार्ड म्हणजे टीडी०१: १२१ ते १८५. अर्धी हार्ड, टीडी०२: १७६ ते २१६. पूर्ण हार्ड, टीडी०४: २१६ ते २८७. शेवटचा आकडा नीट बघा. पूर्ण हार्ड पत्ती भट्टीत गेलीच नाही तरी २५० दाखवू शकते. "२५० आलंय म्हणजे थोडं तरी एजिंग झालंय" असा हिशोब म्हणूनच चालत नाही. सुरुवात कुठून झाली ते माहीत हवं.

एजिंगनंतर काय मिळायला हवं? ए टेम्परला ३१५ला तीन तास दिले की ३५३ ते ४१३ एचव्ही आणि ताणशक्ती साधारण ११३० ते १३५० मेगापास्कल. पूर्ण हार्डला दोनच तास पुरतात. ३७३ ते ४४६ एचव्ही आणि १३१० ते १५२० मेगापास्कल येतं. आधी रोलिंगने दामटलेल्या धातूत कण लवकर तयार होतात, म्हणून वेळ कमी लागतो. दोन टेम्परचा माल एकाच टोपलीत टाकला तर एकाचं तरी घड्याळ चुकणारच.

चिठ्ठीवर एएम, एचएम, एक्सएचएम किंवा टीएमने सुरू होणारा आकडा असेल तर तुमच्याकडे मिल-हार्डन्ड पत्ती आली आहे, म्हणजे एजिंग कारखान्यातच झालेली. ती वाकवून थेट वापरायची असते. तिला परत भट्टीत घातलं तर कुठला आकडा येईल याची हमी कोणी देत नाही. खरेदीवाल्याने "बेरिलियम कॉपर, ०.३ मिमी" एवढंच लिहून ऑर्डर दिली की हा घोळ होतो. ऑर्डरमध्ये मिश्रधातूचा नंबर, टेम्पर आणि जाडी तिन्ही लिहायला लावा.

मग हार्डनेस मशीन

पातळ पत्तीवर रॉकवेल सी (खड्ड्याच्या खोलीवरून हार्डनेस सांगणारी पद्धत, आकडा एचआरसीत) मारणं ही फार जुनी चूक. ४० एचआरसीला खड्ड्याची खोली ०.१२ मिमी होते. पत्तीची जाडी खोलीच्या किमान दहापट हवी, म्हणजे १.२ मिमी. त्याखालच्या पत्तीवर तुम्ही पत्ती मोजत नाही, खालचा ऐरण मोजता. ओळखायची खूण सोपी आहे: पत्ती उलटी करून उजेडाकडे तिरपी धरा. मागच्या बाजूला खड्ड्याचा चमकता ठिपका किंवा उंचवटा दिसला तर ते रीडिंग फेकून द्या. दोन-तीन पत्त्या एकावर एक ठेवून जाडी वाढवायचा प्रयत्नही करू नका. मधल्या फटींमुळे रीडिंग आणखी खोटं येतं.

एक किलोच्या भाराने व्हिकर्स घेतलं तर ३८० एचव्हीला ठशाचा कर्ण साधारण ०.०७ मिमी येतो. कर्णाच्या दीडपट जाडी लागते, म्हणून ०.२ मिमीची पत्तीही आरामात मोजता येते. आधी ऑक्साइड बाराशे नंबरच्या पाण्याच्या कागदाने, पाणी घालूनच, हलकेच काढा. कोरडं घासू नका, कारण शेवटी दिलं आहे. पाच ठिकाणी मोजा. पाचही आकडे जवळपास सारखे असतील तर अडचण धातूची किंवा भट्टीची आहे. पंचवीस-तीस एचव्हीचा फरक असेल तर आधी मशीन आणि पत्तीची बैठक तपासा.

बाहेर कुणी ही पत्ती आधी ॲनील केली, म्हणजे खूप तापवून मऊ केली असेल तर आणखी एक शक्यता असते. हवेत जास्त तापवल्याने वरच्या थरातलं बेरिलियम ऑक्साइडमध्ये निघून जातं आणि कातडी मऊ राहते. वरून ०.०५ मिमी काढून पुन्हा मोजा. आतला आकडा चांगला आला तर दोष एजिंगचा नाही.

घड्याळ कधी सुरू केलं?

भट्टीच्या रेकॉर्डमध्ये बहुतेक ठिकाणी दार बंद केल्याची वेळ असते. वेळ मोजायची ती मालाच्या मधोमध ३१५ आल्यापासून. पत्त्यांचा ढीग टोपलीत दाबून भरला असेल तर वरचा थर आधी तापतो, मधला मागे राहतो. वरच्या कडक, मधल्या मऊ हे लक्षण इथूनच येतं. पत्त्या सरळ राहाव्यात म्हणून जाड लोखंडी पाट्यांमध्ये आवळल्या असतील तर आधी पाट्या तापतात, मग पत्त्या. फिक्स्चर बदललं आणि वेळ तीच ठेवली तर माल कच्चा राहतो. "सगळं तेच होतं" म्हणणाऱ्याला फिक्स्चर नवं आहे का एवढं नक्की विचारा.

व्हॅक्यूम भट्टीत हे जास्त जाणवतं. ३०० अंशांच्या आसपास नुसत्या उत्सर्जनाने उष्णता फार हळू पोचते. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून फिरवला नाही तर कंट्रोलर ३१५ दाखवतो आणि माल त्याच्या बराच खाली असतो.

एजिंगनंतर कसं गार केलं त्याने फरक पडत नाही. भट्टीतून काढून हवेत ठेवा, बस. काही जण सवयीने पाण्यात टाकतात. त्याने फायदा काही नाही, पातळ पत्ती वाकडी मात्र होते.

एक पत्ती बळी द्या

अख्खा लॉट परत न घालता तीन पत्त्या घ्या. एका पत्तीचा हार्डनेस लिहून ठेवा. बाकीच्या दोन पातळ तारेला मोकळ्या टांगून ३१५ला ठेवा, एक अर्धा तास, दुसरी दीड तास. त्यांच्याजवळच दुसरा थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावा, भट्टीच्या स्वतःच्या मीटरवर विसंबू नका.

आकडा चढला, म्हणजे २८०वरून ३२०, मग ३६०, तर माल चढावर आहे. लॉट वाचला. नीट पसरून, मालाचं तापमान बघून उरलेला वेळ द्या. आकडा तसाच राहिला किंवा खाली आला तर माल उतारावर आहे, किंवा धातूच वेगळा आहे. कुठल्याही परिस्थितीत लॉटला हात लावू नका. पुढची तपासणी करा.

मायक्रो-ओहम मीटर

स्विचगिअरच्या शेडमध्ये कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स मोजायचा मायक्रो-ओहम मीटर असतोच. हार्डनेस शिखर गाठून परत फिरतो, विद्युतवाहकता परत फिरत नाही. जितकं बेरिलियम कणांमध्ये बाहेर पडतं, तितकं तांबं शुद्ध होत जातं आणि वाहकता चढतच राहते. पत्ती चढावर आहे की उतारावर, ते इथे सरळ कळतं. शुद्ध तांब्याची प्रमाण वाहकता १०० टक्के आयएसीएस धरली, तर एजिंग न झालेली सी१७२०० पत्ती १५ ते १९, नीट झालेली २२ ते २८ आणि जास्त झालेली ३०च्या पुढे असते.

समजा पत्ती १० मिमी रुंद, ०.३ मिमी जाड आहे आणि व्होल्टेजच्या दोन टोकांमध्ये बरोबर १०० मिमी अंतर आहे. करंटचे चिमटे त्या टोकांच्या बाहेर लावा. चार तारांनी मोजा, दोन तारांच्या साध्या मल्टिमीटरवर हे आकडे दिसणारच नाहीत. १७ टक्क्यांना सुमारे ३.४ मिलिओहम येतील. नीट एजिंग झालेल्या पत्तीला २.०५ ते २.६. जास्त झालेलीला ३२ टक्के धरले तर १.८. पत्तीची जाडी मायक्रोमीटरने मोजा, कारण ०.३ मिमीवर ०.०१ची चूक झाली की उत्तरही तीन टक्क्यांनी हललं. भट्टीतून काढलेली पत्ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजा.

हार्डनेस कमी आणि रेझिस्टन्स जास्त: कच्ची. हार्डनेस कमी आणि रेझिस्टन्सही कमी: करपली. तयार जॉब छोटा, वेडावाकडा असेल तर सरळ रेझिस्टन्सचं गणित मांडता येत नाही. तेव्हा त्याच जॉबचा आधीचा चांगला नग घ्या आणि दोन्हींवर त्याच दोन बिंदूंमध्ये मोजून तुलना करा. यापुढे प्रत्येक लॉटबरोबर त्याच रोलची १५० मिमी लांब सरळ पट्टी तारेने टोपलीच्या मधोमध बांधून पाठवा. खर्च जवळपास शून्य, आणि पुढच्या वेळचा अर्धा वाद मिटतो.

यात एक सापळा आहे. कमी बेरिलियमचे सी१७५०० आणि सी१७५१० हे मिश्रधातूही "बेरिलियम कॉपर" याच नावाने विकले जातात. त्यांत बेरिलियम अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि सोबत पहिल्यात सुमारे अडीच टक्के कोबाल्ट, दुसऱ्यात दोनच्या आसपास निकेल. त्यांचं एजिंग ४८० अंशांना होतं. ३१५ला त्यांना जवळपास काहीच होत नाही. आणि एजिंग न झालेल्या अवस्थेत त्यांची वाहकता २० ते ३० टक्के असते, म्हणजे नीट एजिंग झालेल्या सी१७२००एवढीच. तेव्हा मीटर "सगळं ठीक" सांगतोय, बळी दिलेली पत्ती जराही चढत नाही आणि हार्डनेस अगदीच पडलेला आहे, असं तिहेरी चित्र दिसलं तर भट्टीला दोष देणं थांबवा. रंगही सांगतो: घासलेली सी१७२०० पिवळसर सोनेरी दिसते, कमी बेरिलियमवाली गुलाबी-तांबूस. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यात भरतो, एकटी बघितली तर नाही.

उलटी चूकही होते. सी१७२०० चुकून ४८०च्या प्रोग्रॅमवर गेली तर तिचं काम संपलं. अशी पत्ती मऊ असते आणि वाहकता मात्र भलतीच चांगली.

भट्टीचं तापमान

इथून पुढे थोडा वेळ आणि खर्च लागतो. दीड मिमी जाडीचे के-टाइप थर्मोकपल घ्या, चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध. माल भरलेल्या भट्टीत मोजा, रिकाम्या भट्टीतले आकडे कामाचे नाहीत. पाचही ठिकाणी ३१५च्या पाच-सहा अंश इकडेतिकडे असायला हवं. पंखा नसलेल्या मफल भट्टीत दार आणि मागची भिंत यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो. २९०ला शिखर गाठायला कितीतरी जास्त वेळ लागतो. ३७०ला तेच शिखर तासाच्या आत येऊन मागेही पडतं. मग एकाच टोपलीत कच्च्या आणि करपलेल्या पत्त्या शेजारी शेजारी निघतात. सरासरी काढून प्रोग्रॅम बदलला तर दोन्ही बाजू बिघडतात. हवा फिरवणारा पंखा असलेली भट्टी हाच यावरचा खरा उपाय आहे. नाहीतर भट्टीचा मधला एक तृतीयांश भागच वापरा.

मध्येच कुणी तापवलं का?

वाकवताना तडा जातोय म्हणून ऑपरेटरने कोपऱ्यावर गॅसची बत्ती फिरवलेली असते. तो कोपरा हवेत हळूहळू गार होतो, बेरिलियम जाडसर होऊन बाहेर पडतं आणि नंतर कितीही एजिंग केलं तरी तिथे आकडा येत नाही. तडा जात असेल तर मऊ टेम्परची पत्ती घ्या, किंवा ब्लँकची (कापलेल्या सपाट तुकड्याची) दिशा फिरवा. वाकाची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी हवी.

चांदीच्या ब्रेझिंगला ६०० अंशांच्या वर जावं लागतं. तेवढ्या उष्णतेत शेजारची पत्ती हमखास मऊ होते. साध्या सोल्डरिंगने काही होत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पत्ती करपली आहे हे नक्की झालं तर तिला परत आणायचा एकच मार्ग उरतो: ७७५ ते ८०० अंशांना विरघळवणं आणि लगेच पाण्यात मारणं. हे आपल्या मफल भट्टीत करू नका. ८००च्या वर धातूचे दाणे (ग्रेन) झपाट्याने मोठे होतात, ८६५च्या आसपास धातू वितळायला सुरुवात होते, आणि भट्टीतून पाण्यापर्यंत पोचायला काही सेकंद जास्त लागले तरी नंतरचं एजिंग फसतं. रोलिंगने आलेला कडकपणा तर कायमचा जातो, म्हणजे पूर्ण हार्ड पत्ती परत ए टेम्परची झाली. पातळ प्रेस पत्तीसाठी हा खटाटोप परवडत नाही. ती भंगारातच घाला. जाड, महागडे मशीन केलेले जॉब असतील तर बेरिलियम कॉपरचं काम नेहमी करणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या. एजिंगच्या आधीचा हार्डनेस लिहून मागा. तो ४५ ते ७८ एचआरबीत (रॉकवेल बी) नसेल, वर असेल, तर गार करणं हळू झालंय. तिथूनच माल परत करा.

धातूबद्दल शंका असेल तर प्रयोगशाळेत पाठवा, पण हातात धरायच्या एक्स-रे गनने मोजून आणू नका. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की त्या गनला ते दिसतच नाही. ती ९९ टक्क्यांच्या वर तांबं आणि थोडा कोबाल्ट दाखवते आणि शेड भाबडेपणाने म्हणते, "साधं तांबं दिलं की काय!" स्पार्क स्पेक्ट्रोमीटर मागा आणि त्यात बेरिलियम मोजायची सोय आहे का ते आधी फोनवर विचारा.

आता कोरडं घासू नका असं का म्हटलं ते. बेरिलियम कॉपरची घन पत्ती हाताळण्यात धोका नाही. धोका तिच्या बारीक धुळीत आणि धुरात आहे. ती श्वासातून गेली तर फुप्फुसाचा बरा न होणारा आजार होऊ शकतो, तोही वर्षांनंतर. अमेरिकेत २०१७ साली कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम केली, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसणार नाही इतकी कमी. कोरडं ग्राइंडिंग, बफिंग, वेल्डिंग, ॲनीलिंगनंतरची पापडी खरवडणं, कॉम्प्रेसरच्या हवेने टेबल झटकणं, यातलं काहीही शेडमध्ये नको. अशी कामं करावीच लागणार असतील तर आधी औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञाला बोलवून धूळ ओढून घेण्याची सोय आणि हवेची मोजणी करून घ्या. भंगारही वेगळ्या डब्यात ठेवा आणि भंगारवाल्याला बेरिलियम आहे हे सांगून द्या.

हार्डनेस बरोबर, तरी तक्रार

भोकांमधलं अंतर कमी येत असेल तर तो दोष नाही. एजिंगमध्ये सी१७२०० लांबीत सुमारे ०.२ टक्के आखडते, ५० मिमीला ०.१ मिमी. डायमध्ये तेवढं धरून ठेवा. बसवल्यावर महिन्याभरात ताण जात असेल तर पत्ती किती तापमानात काम करते ते मोजा. सतत दीडशे अंशांच्या वर असेल तर हा मिश्रधातूच तिथे चुकीचा आहे. ताकद थोडी सोडून सी१७५१०कडे जा, आणि भट्टीच्या दारावर नवं तापमान, ४८०, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.